माझं वाक्य वहिनींच्या तोंडी

खोतांच्या वहिनींनी आमच्या वाडीच्या महिला मंडळाला फसवलं. काजू फोडायची शेड आमची होती. ती आम्ही मागितली, मी लिहून मागितली, आणि वहिनींनी ती स्वतःच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत बांधून घेतली. आज आमच्याच बायका तिथे रोजावर जातात. हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कोणाला वाटू नये की शेवटी काही गोड निघेल.

आता त्या दिवसाचं सांगते.

पुण्याच्या एका देणगी देणाऱ्या संस्थेचे साहेब आमची वाडी बघायला आले होते. बरोबर कॅमेरा घेतलेली एक मुलगी. दोघांना वहिनींच्या ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या, हातात कोकम सरबताचे ग्लास. आम्ही मंडळाच्या बायका खाली अंगणात, सारवलेल्या जमिनीवर. ऊन डोक्यावर आलेलं. वहिनी उभ्या राहून बोलत होत्या. त्यांचं बोलणं चांगलंच. शाळेत कार्यक्रम असला की आभार त्याच मानतात.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, "काजूच्या तेलाने या बायकांच्या बोटांचे ठसेसुद्धा खाऊन टाकले आहेत. आपल्याच अंगठ्याने त्यांना आपली ओळख पटवता येत नाही."

ते वाक्य माझं होतं. मी चार वेळा खोडून ते लिहिलं होतं, माझ्या पडवीत बसून. पण माझ्या कागदावर त्याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं. "तरी अख्खा गर न मोडता बाहेर काढणारे हात हेच आहेत." ते वाक्य वहिनींनी गाळलं. साहेबांना काय दिसावं आणि काय दिसू नये, हे त्यांना बरोबर कळत होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ये गं, तू ये पुढे. साहेबांना हात दाखव."

मी गेले. ओटीच्या पायरीखाली उभी राहिले. वहिनींनी टेबलावरून शाईचा पॅड उचलला आणि साहेबांना म्हणाल्या, "ही आमच्यातली सगळ्यात कष्टाळू. बिचारीने शाळेचं तोंड पाहिलं नाही."

मी सातवी पास आहे. वहिनींना ते माहीत होतं. तो सगळा प्रस्ताव माझ्या अक्षरात, माझ्या हाताने, मी त्यांच्या हातात दिला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पायरी उतरून खाली आल्या, पॅड माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजचा दिवस गप्प राहा. शेड हवी ना तुम्हाला?"

मागे आमच्या बायका बसल्या होत्या. भागीमावशी पहिल्या रांगेत, फुटलेल्या बोटांवर पदर धरून. मी अंगठा शाईत बुडवला आणि पांढऱ्या कागदावर दाबला. काळा डाग उठला. एक रेष नाही. कॅमेरा वाजला. साहेबांनी तोंडाने च्च च्च केलं. वहिनींनी खुर्च्या पुसायचं फडकं माझ्याकडे टाकलं, अंगठा पुसायला.

अठ्ठ्याण्णव सालचा तो हिवाळा. मला अजून ते फडकं दिसतं. निळं, चौकड्यांचं.

मी कोण, तेही सांगते, म्हणजे मला कोणी बिचारी म्हणणार नाही. लांज्याच्या काजूच्या कारखान्यात मी चौदाव्या वर्षी लागले. भाजलेली बी दगडावर ठेवायची, दांडक्याने ठोकायची, गर काढायचा. ठोका जास्त बसला तर गर तुटतो आणि तुकड्याला भाव नाही. टरफलातून जे तेल येतं ते कातडी जाळतं. आम्ही हाताला राख चोळायचो. राख किती पुरणार. लग्नानंतर कारखाना सोडला आणि वाड्या वाड्या फिरून कच्ची बी विकत घ्यायला लागले. डोक्यावर पोतं, पुढे एसटी, मग लांज्याचा बाजार. भाव करायला मी तिथे शिकले. समोरचा माणूस नको नको म्हणतो तेव्हा त्याचे पाय कुठल्या दिशेला आहेत ते बघायचं. पाय जागेवर असतील तर त्याला माल हवा आहे. माझा राग सगळ्या बाजाराला ठाऊक. मापात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याचं वजन उचलून मी गटारात फेकलं होतं. तो नंतर माझ्याशी नीट वागला. गटारातून वजन काढताना लोकांनी त्याला बघितलं होतं ना.

नवरा लोट्याला, केमिकलच्या कंपनीत, पाळीवर. पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्याच्या कंपनीत एका बाजूने छापलेले कागद फेकून देत. ते तो गठ्ठा बांधून आणायचा, पोरांना लिहायला म्हणून. पहिला प्रस्ताव मी त्याच कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहिला. अमीना शेजारी बसलेली असायची. अमीनाचा नवरा कुवेतला, सासरे घरी, आणि तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट.

"या कागदाला वास येतो गो," ती म्हणायची. "पुण्याच्या सायबाला वाटायचा, बायका काजू फोडतात का बाँब करतात."

प्रस्ताव लिहायचं कसं सुचलं, तर रत्नागिरीत दोन दिवसांचं एक शिबिर झालं. बचत गटाच्या बायकांना बोलावलं होतं, जेवण फुकट होतं, मी गेले. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं. समस्या. उद्दिष्ट. उपक्रम. खर्च. परिणाम. बाकीच्या माना खाली घालून उतरवून घेत होत्या. मला हसू येत होतं. हे तर मी रोज बाजारात करत होते. माझ्याकडे काय आहे, तुला काय कमी आहे, तू दिलंस तर तुझा काय फायदा. शिबिराच्या बाई सहज बोलून गेल्या की देणगी देणाऱ्यांनाही वर्ष संपायच्या आत पैसे वाटावे लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांना वरून कमी मिळतात. बाकी कोणी ते लक्षात घेतलं नाही. मी घेतलं. म्हणजे गिऱ्हाइकालाही घाई आहे. मग हात कशाला जोडायचे?

म्हणून मी विनवणी लिहिली नाही. आम्ही गरीब आहोत, असहाय आहोत, असलं एक अक्षर घातलं नाही. लिहिलं की अख्खा गर काढणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि असे हात आमच्या वाडीत आहेत. उकडायचं भांडं आणि पायाने चालणारी मशीनं मिळाली तर तेल हाताला लागणार नाही. शेड असेल तर बी आम्हीच घेऊ, आम्हीच फोडू, आम्हीच विकू. जागा अमीनाच्या सासऱ्यांनी देऊ केली होती, त्यांच्या घरामागचा कातळ. त्यावर काही पिकत नव्हतं. म्हातारे म्हणाले, "माझो मुलगो परत येवन तिथे काय विमान उतरवनार हाय? बांधा." मालकी मंडळाची, असं मी स्पष्ट लिहिलं. त्या शब्दाखाली रेघ मारली.

लांजा स्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडे जायची माझी तयारी झाली होती. तेवढ्यात भागीमावशी आडवी आली.

"वयनींना दाखवलंस काय?"

"त्यांना कशाला?"

"कशाला म्हंजे? आपल्या वाडीत वयनींना इचारल्याबिगर काय झालाय काय गो कधी?"

इथे ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना सांगायला हवं. आम्ही खोतांची कुळं. खोती कायद्याने गेली, आमच्या आजोबांच्या वेळीच. पण लग्नाची पत्रिका अजून देवाला ठेवली की लगेच खोतांच्या घरी जाते. पहिल्या भाताची लोंबी तिथे. घर शाकारायचं तर तिथे सांगून. कोणी जबरदस्ती करत नाही. जबरदस्ती असती तर मी केव्हाच भांडले असते. ही सवय आहे, आणि सवयीशी भाव करता येत नाही.

बायकांनी प्रस्ताव सुपात ठेवला. वर नारळ, तांदूळ, हळदकुंकू. वाजतगाजत नाही, पण सगळ्या मिळून आम्ही तो वहिनींच्या ओटीवर नेला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. अमीना सोडून. ती म्हणाली, "मी नाय येत. अर्ज पुण्याला जायचा का हितल्या देवळात?" मला तिचं पटलं होतं. पण मंडळ माझ्या एकटीचं नव्हतं.

वहिनींनी नारळ बाजूला केला आणि कागद वाचले. सगळे वाचले, मी बघत होते. मग चष्मा काढून म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं. पण असा पाठवून काही उपयोग नाही. तुमच्या मंडळाची नोंदणी आहे का? तीन वर्षांचे ऑडिट आहेत का? नाहीत. त्या लोकांना नोंदलेली संस्था लागते. आमच्या ट्रस्टच्या नावाने पाठवू. नाव फक्त आमचं. काम तुमचंच."

नोंदणीचं त्या खरं बोलत होत्या. शिबिरातही तेच सांगितलं होतं. त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचा ट्रस्ट होता, वर्षातून एकदा शाळेत वह्या वाटायचा. मी विचारलं, "मालकी मंडळाचीच राहील ना?"

त्या हसल्या. "अगं, मला काय करायची आहे काजूची शेड?"

भागीमावशी मला मागून चिमटा काढत होती. असलं विचारतात काय, म्हणून.

मग साहेब आले, तो अंगठा झाला, साहेब गेले. पुढे पावसाळ्याआधी वाडीत बातमी आली की शेड मंजूर. आम्ही पेढे वाटले. अमीनाच्या सासऱ्यांनी कातळावरचं गवत काढून घेतलं, चुन्याने रेघा मारल्या. आम्ही वाट बघत होतो.

जांभ्या चिऱ्यांचा ट्रक आला. आमच्या पाणंदीच्या तोंडाशी थांबला, वळला, आणि वहिनींच्या बागेत शिरला.

मी धावत गेले नाही. चालत गेले. ड्रायव्हरला विचारलं, चिरे कशाचे? तो म्हणाला, काजूच्या शेडचे. कोणाच्या शेडचे? तो म्हणाला, "वहिनींच्या." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो चिरे उतरवत होता.

मी तशीच ओटीवर गेले. पायरीखाली थांबले नाही. वर गेले. वहिनी हापूसच्या पेट्यांवर लेबलं चिकटवून घेत होत्या. मी उभी राहून विचारलं, "शेड तुमच्या बागेत का?"

"बस तरी."

"शेड तुमच्या बागेत का, वहिनी?"

"त्या कातळावर रस्ता नाही, वीज नाही. आणि जागा तिच्या सासऱ्याची, उद्या मुलगा परत आला आणि नाही म्हणाला तर? त्या लोकांचं आपण काय सांगायचं?"

त्या लोकांचं. ज्या म्हाताऱ्याने एक कागद न मागता जमीन दिली त्याच्याबद्दल.

"आणि मालकी?"

"मालकी ट्रस्टची. कायद्याने दुसरं होऊच शकत नाही. तुम्ही कायद्याने कोणी नाहीच आहात. पण तुम्हाला काम मिळणार आहे ना? तू सुपरवायझर हो. पगार देते. तुझ्या हाताखाली सगळ्या. तू हुशार आहेस, मी काही नाही म्हणत नाही."

मी बाजारात पुष्कळ बोल्या ऐकल्या आहेत. ही सगळ्यात हलकी. माझाच माल मला विकत होत्या आणि वर दलाली मलाच देऊ करत होत्या. मी विचारलं, "साहेबांसमोर मी अडाणी होते. आता हुशार कशी झाले?"

त्यांनी लेबल चिकटवलं. बोटाने दाबलं. म्हणाल्या, "तसं सांगावं लागतं. त्यांना शिकलेल्या बायका नको असतात. मी तुमच्यासाठीच केलं."

मी म्हटलं, "तुमच्या शेडमध्ये मी पाऊल ठेवणार नाही. आणि माझं चाललं तर बीसुद्धा पडू देणार नाही."

"रागावू नकोस. आपलं घरचंच आहे."

"घर तुमचं आहे," मी म्हटलं आणि उतरले.

शेड बांधून झाल्यावर पहिल्या काजूच्या हंगामात मी झोपले कमी. दर वाडीत गेले, माझ्या ओळखीच्या दर घरात. बी मला द्या, बागेतल्या शेडला देऊ नका. व्यापाऱ्यापेक्षा चांगला भाव दिला. नफा जवळजवळ सोडला. नवरा म्हणाला, "धंदा करतेस का सूड?" मी म्हटलं, दोन्ही. मंडळाच्या बायकांनीही सांगितलं, जाणार नाही. भागीमावशी पण म्हणाली. शेडला हिरवा रंग दिलेला, दारावर वहिनींच्या सासऱ्यांचं नाव, खाली पुण्याच्या संस्थेचं नाव. आत नवी मशीनं. हात नाहीत, बी नाही. मी रोज त्या रस्त्याने जायचे, वाकडी वाट करून. रिकामी शेड बघितली की मला भूक लागायची.

मग साहेब परत आले. काम बघायला, म्हणजे दिलेल्या पैशाचं काय झालं ते. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. अमीनाने एक टेम्पो बागेत जाताना बघितला. आत बायका, सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या नव्या साड्या. दुसऱ्या तालुक्यातून आणलेल्या. अमीना माझ्या दारात येऊन म्हणाली, "चल. तुझ्या शेडमध्ये आज नाटक हाय. तिकीट नाय."

आम्ही आठ-दहा जणी गेलो. आत त्या नव्या साड्यांतल्या बायका मशीनपुढे बसल्या होत्या. एकीने बी उलटी धरली होती. मशीनमध्ये अशी धरली तर गराचे दोन तुकडे होणारच. साहेबांना काय कळणार? ते मान डोलवत होते.

मी पुढे झाले. साहेबांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, या त्या अंगठ्याच्या बाई ना?"

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्याकडे आलेला प्रस्ताव मी लिहिला होता. या शेडचा. जागा वेगळी होती. मालकी मंडळाची होती. तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत ते बदललं."

ते हसले. लहान पोराने मी काल चंद्रावर गेलो होतो म्हटलं की आपण हसतो, तसं. पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तक काढलं. त्यांच्या संस्थेचा वार्षिक अहवाल. "हे बघा. तुम्ही तर आमच्या मुखपृष्ठावर आहात."

मीच होते. म्हणजे माझा अंगठा होता, पुढे आलेला, मोठा, काळा. आणि मागे धूसर माझं तोंड. खाली छापलं होतं, 'अक्षरापासून वंचित'.

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी माझ्याकडून काय काढून घेतलं होतं. शेड तर गेलीच. पण मी खरं बोलायला तोंड उघडलं, तर माझ्याच अंगठ्याने मला खोटं पाडावं, अशी सोय झाली होती. ज्या बाईने अंगठा दिला ती लिहील कशी?

मी म्हटलं, "कागद द्या. आत्ता इथे लिहून दाखवते."

साहेब गडबडले. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात मध.

"अगं, हो. लिहितेस आता तू. आपल्याच साक्षरता वर्गात शिकलीस ना."

असा वर्ग कधी भरलाच नव्हता. साहेब मात्र खूश झाले. "वा, हे तर आमच्याकडे नोंदलंच गेलं नाही," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर. माझं वाक्य वहिनींचं झालं होतं, आता माझी सातवीपण त्यांची झाली.

मी खांद्यावरचा हात झटकला. अहवाल साहेबांच्या हातातून घेतला, मुखपृष्ठ फाडलं, घडी केली आणि कमरेला खोचलं. "हा माझा अंगठा आहे," मी म्हटलं. "मी घेऊन चालले." उरलेलं पुस्तक त्यांना परत दिलं. टेम्पोतून आलेल्या बायकांपैकी एक तोंडावर पदर घेऊन हसत होती.

पुढे त्यांच्या कागदांत आलं की स्थानिक मतभेदांमुळे लाभार्थींचा सहभाग कमी राहिला. आणि काही महिलांचं वर्तन आक्रमक होतं. हे मला शिबिराच्या बाईंनी सांगितलं, दोन वर्षांनी, नजर चुकवत. वहिनींबद्दल त्याच कागदांत लिहिलं होतं की अडचणींवर मात करून त्या काम करतात. जिल्ह्याला त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो.

मी जिंकले असं मी म्हणत नाही. पुढच्या हंगामात मला सगळी बी घेणं जमलं नाही. भाव पडला, माझे पैसे अडकले. लांज्याच्या कारखान्याने बायका कमी केल्या. मग एकेक करत आमच्या बायका शेडमध्ये जायला लागल्या. भागीमावशीही. ती गेली त्या दिवशी मी तिच्या दारात उभी राहिले. तीच आधी बोलली.

"माज्या पोटाला तुजा राग पुरत नाय गो."

तिच्यावर रागावण्याची सोय वहिनींनी करून ठेवली होती. ती मी वापरली नाही.

पण माझा राग मला पुरला. मी मंडळाची नोंदणी केली. रत्नागिरीच्या कचेरीत किती फेऱ्या झाल्या ते आठवण्यात अर्थ नाही. ऑडिट करून घेतले. प्रस्ताव लिहायला बसले, आता कोऱ्या, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या कागदावर. कातळावर शेड झाली. लहान आहे, त्यांच्या शेडच्या निम्मी, सगळ्या बायका तिच्यात मावत नाहीत. अमीनाच्या सासऱ्यांच्या हयातीत झाली, एवढं बरं. आज माझ्याकडे इतर वाड्यांतल्या बायका येतात, आंजर्ल्याकडच्या सुकी मच्छी करणाऱ्यासुद्धा. मी त्यांचे प्रस्ताव लिहून देते. लिहून देण्याआधी सांगते, कागद कुठल्याही ओटीवर न्यायचा नाही. नोंदणी होईपर्यंत थांबू, उपाशी थांबू, दुसऱ्याच्या नावाने मागायचं नाही. आणि पाहुणे बघायला आले की कोणी हात पसरून दाखवायचा नाही. ज्याला हात बघायचे त्याने कामाला बसलेल्या हातांकडे बघावं. फोटो काढायचा तर आधी विचारावं, आणि खाली काय छापणार ते दाखवावं.

वहिनींच्या ट्रस्टवर माझी नजर आहे. लपवत नाही. त्यांनी कुठल्या संस्थेकडे अर्ज केला की मला कळतं, कारण आता त्या संस्था मलाही ओळखतात. तिथे माझं पत्र जातं. माझ्या सहीने, माझ्या पत्त्यासकट. त्यात मी एकच लिहिते, की पैसे देण्याआधी वाडीत या, ओटीवर बसू नका, घराघरात जा. आतापर्यंत दोन दारं त्यांच्यासाठी बंद झाली. तिसरंही मी बंद करणार. लोक म्हणतात, किती वर्षं धरून बसशील. वहिनी म्हाताऱ्या झाल्या, सोड. म्हाताऱ्या झाल्या असतील. शेडचं भाडं मात्र त्यांना अजून लागतं. त्यांचा मुलगा ती भाड्याने देतो आता, मुंबईच्या एका व्यापाऱ्याला. महिलांसाठी आलेल्या पैशातली शेड. भागीमावशी तिथे अजून बसते. मशीनं बिघडली ती कोणी दुरुस्त केली नाहीत. ती पुन्हा दांडक्याने फोडते, हाताला राख चोळून.

म्हणून हे लिहिते आहे. मला माफी नको. शाल नको. वहिनी, तुम्ही वाडीत या. मंडळाच्या बायका जमवायचं काम माझं. त्यांच्यासमोर उभ्या राहून सांगा की प्रस्ताव कोणी लिहिला, त्यातला मालकी हा शब्द कोणी काढला आणि भाडं आज कोणाच्या घरात जातं. आणि पुण्याचे साहेब, तुम्हीही या. तुम्ही बघायला आला होता आणि न बघता गेलात. तुम्हाला कोणी काही विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांना तुम्ही लाभार्थी म्हणता.

मला उत्तर देऊ नका. भागीमावशीला द्या. ती विचारणार नाही, तिला विचारायची सवय नाही, म्हणून मी विचारते. तिच्यासाठी आलेली शेड कुठे आहे, वहिनी? बोला.